घरची बोली मी त्याले शिकवली

बाईंनी माझ्या हातातला माईक काढून घेतला. हिसकला नाही. हसत हसत, दोन बोटांनी धरून घेतला, लहान लेकराच्या हातातून कात्री घेतात तसा. अन् म्हणाल्या, "बेटा, हे असलं मराठी घरी बोलायचं. मंचावर नाही."

माईक चालूच होता. सगळ्या हॉलनं ऐकलं. कोणी मोठ्यानं हसलं नाही. सभ्य लोक होते, तोंडावर रुमाल धरून हसले. मागच्या रांगेत माझी आई बसली होती, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रांझीवरून दोन बस बदलून आलेली, ठेवणीतली साडी नेसून. तिनंही ऐकलं.

जबलपुरातल्या एका मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन होतं ते. बाई मंडळाच्या अध्यक्ष. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या काळात जबलपूरले चाकरीवर आले, हे त्या दर भाषणात सांगतात. माझे आजोबा भंडाऱ्याकडून रांझीच्या कारखान्यात मजूर म्हणून आले, ते कोणी सांगत नाही. पहिल्या दिवशी बाईंनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या, अन् पुढं काहीच विचारलं नाही. ज्याले कळायचं त्याले कळते.

मले सूत्रसंचालनाले बोलावलं काहून? तं त्यांच्या घरच्या पोरांले मराठीत दोन वाक्यं येत नाहीत म्हणून. मी चेरीतालच्या एका खाजगी शाळेत शिकवते, तेव्हा तिथंच खोली घेऊन राहत होती; बाईंची नात त्याच शाळेत. तिनंच नाव सुचवलं. मी मंचावर गेली अन् तिसऱ्याच वाक्याले बोलली, "आता लहान पोरी गाणं म्हणून राहिल्या आहेत, तं शांत बसा." एवढंच. एवढ्यासाठी माईक गेला. मग तो माईक नातीच्या हातात दिला. ती म्हणाली, "नमस्कार, मैं आप सबका स्वागत करती हूँ।" अन् टाळ्या पडल्या. तिची हिंदी चालली, माझी मराठी चालली नाही.

बसस्टॉपवर आई अन् मी उभ्या होतो. मी म्हटलं, चल, कुल्फी खाऊ. ती नको म्हणाली. बस आली तेव्हा पायरीवर पाय ठेवता ठेवता बोलली, "मीच शिकवलं न तुले बोलायले. माझंच चुकलं."

बाईंचं वाक्य एक वेळ विसरली असती. आईचं नाही.

तिच्याजवळ दुसरं होतंच काय शिकवायले. चौथी शिकलेली बाई. घराच्या बाहेर सगळी हिंदी. दुकान हिंदी, शाळा हिंदी, शेजारी हिंदी. दारातून आत आलं का चपलेसारखी हिंदी बाहेर काढायची, असं बाबांचं होतं. बाबा कारखान्यात होते. लय कडक माणूस. रिटायर झाले तेव्हा कॉलनीत दोघा-तिघांले फोनवरून लुटलं होतं. बँकेतून बोलतो, पोलिसातून बोलतो, असं सांगून. बाबांनी घरात कायदा केला. फोनवर कोणी पैशाची, नंबरची गोष्ट काढली तं त्याच्याशी आपल्या बोलीत बोलायचं. समोरचा अडखळला तं फोन कापायचा. "ठग हिंदीत येते," ते म्हणत. "आपल्या बोलीत जो बोलते, तो आपला."

हे असं इकडेच होऊ शकते. पुण्या-मुंबईत मराठी बोलणारा माणूस म्हणजे कोणीही. जबलपुरात तसं नाही. घमापुरच्या बाजारात भाजी घेताना मागून मराठी ऐकू आली तं आम्ही वळून पाहतो, गाव विचारतो, चहाले बोलावतो. मराठी म्हणजे नातं. त्या कायद्यानं आईले दोनदा वाचवलं. बाबा गेले, कायदा राहिला. आमच्या घराले ते कुलूप होतं.

अन् किल्ली मी वाटून आली.

माईकच्या गोष्टीनंतर आठ दिवसांत मी एक ॲप घेतलं. भाषांची देवाणघेवाण करायचं. तुम्ही तुमची भाषा शिकवा, दुसरा त्याची शिकवते. फुकट. तिथं भरावं लागते, तुमची मातृभाषा कोणती. मी हिंदी भरलं. शिकायची भाषा कोणती, तिथं मराठी भरलं. आपल्या आईची भाषा मी हातानं खोडली, अन् तिच्याच नावाखाली शिकाऊ म्हणून उभी राहिली. कोणी जबरदस्ती केली नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. त्यानं सांगितलेलं नाव इथं लिहीत नाही, खोटंच होतं. फोटोत मागं पुस्तकांचं कपाट. पुण्यात कॉलेजात शिकवतो म्हणाला. त्याची मराठी ऐकली अन् मले बाईच आठवल्या. एकेक शब्द धुवून वाळत घातलेला. तो म्हणाला, तो मले प्रमाण मराठी शिकवेल. बदल्यात त्याले हिंदी नको होती. त्याले माझी घरची बोली पाहिजे होती.

मले वाटलं मजाक करून राहिला. मी खरं सांगून टाकलं, माईकचं सगळं. त्यानं व्हॉइस मेसेज पाठवला. तो अजून माझ्याजवळ आहे. "तुमची बोली ही लाज वाटण्याची गोष्ट नाही. ती जपायला हवी. त्या बाईंना काय कळतंय?"

सत्तावीस वर्षांची झाली मी. असं मले आजपर्यंत कोणी म्हटलं नव्हतं. शाळेत नाही, मंडळात नाही, मैत्रिणींनी नाही. मी तो मेसेज चार वेळा ऐकला अन् रडली. लिहायले लाज वाटते, पण रडली.

मग रोज सुरू झालं. तो म्हणे, ॲपवर आवाज फाटतो, दुसऱ्या चॅटवर या. गेली. एकदा मी म्हटलं, व्हिडिओवर बोलू. तो म्हणे, कॅमेरा बिघडला आहे. पंधरा दिवसांनीही बिघडलेलाच होता. मी मनात म्हटलं, एवढा सज्जन माणूस, असेल काही अडचण. दुसऱ्या कोणाचं असतं तं मी शंभर शंका काढल्या असत्या. शाळेत पोरींले मीच सांगते, अनोळखी माणसाशी बोलू नका. पण हा मराठी बोलत होता न. अन् शुद्ध मराठी. चोर असा बोलते काय? बाबांचा कायदा माझ्या डोक्यात उलटा फिरला अन् मले कळलंही नाही.

तो रोज एक विषय देई. तुमचा दिवस तुमच्या बोलीत सांगा. मी सांगितलं. सकाळी सातची शाळा, गेटवर मोबाइल ऑफिसच्या अलमारीत जमा, दीड वाजता परत. तुमच्या आईबद्दल सांगा. मी सांगितलं. रांझीत एकटी राहते, गुडघे दुखतात, बाबांच्या मागची पेन्शन आहे. आकडे म्हणून दाखवा, मराठी आकडे कठीण असतात, एखादा पाठ असलेला नंबर वाचा. मले दोनच नंबर पाठ होते. माझा त्याच्याजवळ होता. मी आईचा वाचला. जोडी जोडीनं, अडखळत. त्यानं एक आकडा सुधरवला अन् शाबासकी दिली.

एके दिवशी म्हणाला, आज भावना घेऊ. राग, आनंद, भीती. बोली खरी भीतीत कळते. समजा तुम्ही संकटात आहात अन् आईशी फोनवर बोलत आहात. कसं बोलाल? नाटक करा.

मी केलं. खोलीत पंखा बंद केला, आवाज साफ यावा म्हणून. "आई, मी बोलून राहिली वं. घाबरू नको. मले थोडं लागलं आहे. मी आहे न. हे जे सांगतात तसं कर, पण लवकर कर." दोनदा हसू आलं म्हणून परत केलं. तिसऱ्यांदा चांगलं जमलं. तो म्हणाला, अंगावर काटा आला. मी खूश झाली.

त्यानंतरच्या एका मंगळवारी दीड वाजता अलमारीतून मोबाइल घेतला तं आईचे अकरा मिस्ड कॉल. मी लावला. तिनं उचलला अन् पहिलं वाक्य विचारलं, दवाखान्यातून सोडलं का. कोणता दवाखाना, मी म्हटलं. फोनमधून नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला.

मी ऑटो करून गेली. दार उघडंच होतं. आई पलंगावर बसली होती, चप्पल घालून. बाजूले पिशवी. पिशवीत माझा जुना गाऊन, टॉवेल, दोन केळी, अन् बाबांच्या आजारपणातली ती पाण्याची बाटली. लेकीले दवाखान्यात लागेल म्हणून भरलेली. त्यानं तिले निघू दिलं नव्हतं. फोन चालू ठेवा, लाइन तुटली तं इलाज थांबेल, असं सांगितलं होतं. त्यानंच. आमच्या बोलीत. "काकू, तुम्ही काहून घाबरून राहिल्या, मी आहे न इथं तिच्याजवळ." पुण्याची धुतलेली मराठी नाही. माझी. मी शिकवलेली. त्याआधी माझा आवाज ऐकवला होता. कापून जोडला का यंत्रानं बनवला, मले माहीत नाही. आईनं मोबाइलवर आलेले बँकेचे नंबर त्याले तीन वेळा वाचून दाखवले. मग त्यानं लाइन कापली, अन् ती मले फोन लावत राहिली. बाबांच्या नोकरीचं जे उरलं होतं ते गेलं. किती, ते सांगत नाही. आमचं होतं तेवढं सगळं.

आईनं कायदा मोडला नव्हता, हे सांगते. तिनं त्याले पारखलं होतं. आपल्या बोलीत विचारलं होतं, कोणत्या गावचा रे बाबा तू. तो म्हणाला, भंडाऱ्याकडचा. तेही मीच कधी तरी बोलून गेली होती.

ती रडली नाही. मी रडली तेव्हा तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. मग शांतपणे बोलली, "तुझाच आवाज होता वं. मी माझ्या लेकीचा आवाज ओळखणार नाही काय?"

पोलिसात तक्रार केली. त्याच दिवशी केली, पण सकाळचं दुपारी कळलेलं, तोवर पैसे पुढं गेले होते. ज्या साहेबांनी लिहून घेतलं त्यांनी माझे मेसेज ऐकले, एकामागून एक. भीतीचं नाटकही ऐकलं, दोन वेळा हसलेलं पण. मग म्हणाले, "मैडम, सब तो आपने खुद ही बताया है।" बाजूचा माणूस हसला. मी मान खाली घालून सही केली. खरंच तं होतं.

आठवड्याभरात रांझीपासून चेरीतालपर्यंत पसरलं. शिकलेली पोरगी, मास्तरीण, अन् ऑनलाइन पुरुषाशी बोलत होती. लोकांनी ठगाले विसरून पुरुष लक्षात ठेवला.

मग मंडळाच्या बाईंचा फोन आला. त्यांनी घरी बोलावलं. गेली. चेरीतालमधलंच घर, मोठी बैठक, भिंतीवर पूर्वजांचे फोटो. चांगलं बोलल्या. पाठीवर हात ठेवला. मंडळ जनजागृतीचा कार्यक्रम घेऊन राहिलं होतं, अन् मी माझा अनुभव सांगावा असं त्यांच्या मनात होतं. फक्त काय बोलायचं ते त्यांनी लिहून ठेवलं होतं, म्हणजे मले त्रास नको. कागद दिला. सुंदर अक्षर. पहिलं वाक्य होतं, "मी माझ्या अज्ञानामुळे फसले."

मी ते वाक्य वाचलं. परत वाचलं. बाई पेन घेऊन बसल्या होत्या, वाचताना कुठं थांबायचं त्याच्या खुणा करून द्यायले. अन् माझ्या आत जे इतके दिवस नुसतं दुखत होतं, ते उभं राहिलं. हिले अजूनही वाटते का माझ्यात कमी आहे ती शब्दांची. माझी आई चप्पल घालून, पिशवी भरून तीन तास पलंगावर बसली होती, अन् हिले खुणा करायच्या आहेत.

मी कागद टेबलावर ठेवला. घडी नाही घातली. म्हटलं, "मी अज्ञानानं नाही फसली बाई. लाजेनं फसली. ती लाज मले तुमच्या मंचावर भेटली."

त्या म्हणाल्या, असं मनाले लावून घ्यायचं नसते, त्यांनी तं माझ्या भल्यासाठी सांगितलं होतं. मी म्हटलं, तो ठगही माझ्या भल्याचंच बोलत होता. चप्पल घातली अन् बाहेर आली. जिन्यात बसावं वाटलं, पण त्यांच्या जिन्यात बसायचं नव्हतं.

बाईंनी मले लुटलं नाही. लुटणारा दुसराच. त्याले मी कधी माफ करणार नाही. पण त्यानं आधी पाहिलं का दुखते कुठं. मग तिथंच फुंकर घातली. ठगाची कला म्हणतात ती एवढीच आहे. तुमची जखम दुसरं कोणी करून ठेवते, तो फक्त तिथं हात ठेवते. ज्या पोरीले आपल्या बोलीची लाज नसती, तिनं एका अनोळखी माणसाच्या शाबासकीसाठी आईचा नंबर वाचून दाखवला असता काय?

आता मी बोलते. मंचावर नाही. रांझीत क्वार्टरांच्या मागं, नळावर, शाळेच्या स्टाफरूममध्ये. कॉलेजच्या पोरी येतात, कोणी इंग्रजीसाठी ॲप घेतलं, कोणी कोरियनसाठी. मी म्हणत नाही का शिकू नका. शिका. पण जो लगेच ॲपच्या बाहेर बोलावते, ज्याचा कॅमेरा कधीच सुधरत नाही, त्याले तिथंच सोडा. शिकायले आलेला माणूस तुमच्या चुका काढते, तुमच्या आईचं दुखणं विचारत नाही. सरावासाठी खरं नाव, खरी शाळा, खरा नंबर लागत नाही. खोटं सांगूनही भाषा येते. अन् आपला आवाज अनोळखी माणसाले देऊ नका. तो परत मिळत नाही. पोरी ऐकतात. काही हसतात. हसू द्या. मी आमच्याच बोलीत सांगते, अन् आता मध्ये अडखळत नाही.

पण घरची गोष्ट वेगळी आहे. ती मले कोणाले सांगता येत नाही, म्हणून इथं लिहून राहिली.

त्या मंगळवारनंतर आई फोनवर माझ्याशी हिंदीत बोलते. मी म्हणते, "आई, मी." ती विचारते, "कौन मैं?" मी काहीही बोलली, लहानपणचं सांगितलं, बाबांचं सांगितलं, तरी तिकडून "हाँ जी, बोलिए" एवढंच. परक्या बाईशी बोलावं तसं. पहिल्यांदा मले वाटलं रागावली. मग समोरासमोर विचारलं तं म्हणाली, राग नाही. फोनमधून आपली बोली आली का तिच्या हातपायात जोरच राहत नाही. आयुष्यभर जी ऐकून तिचा जीव भांड्यात पडे, त्याच बोलीनं आता तिले घाम फुटते. समोर बोलतो आम्ही, पण तीही आता मोजून बोलते, माझ्या तोंडाकडे पाहत, ओठ हलून राहिले का ते बघत.

मी चेरीतालची खोली सोडली, रांझीले आईजवळ राहायले आली. सातची शाळा गाठायले पाचले उठते, पहिली बस धरते. लोक म्हणतात, काहून एवढा त्रास, फोन आहे न. फोन नाही. मले माझी आई माझ्या बोलीत पाहिजे, अन् ती फोनवर उरली नाही. रोज तिच्यासमोर बसून बोलीन. वर्ष लागलं तं वर्ष.

परवा पोळ्या करताना मीच विषय काढला. तो मोकळा आहे. त्याच्याजवळ माझा हसतानाचा आवाज आहे, घाबरलेला आहे, आईले हाक मारतानाचा आहे. तो परत करू शकते. म्हणून आईले सांगितलं का बाबांचा कायदा आता रद्द. नवा कायदा. फोनवर माझा आवाज आला अन् काहीही मागितलं, तं कापायचा. आपल्या बोलीत असला तरी कापायचा. मी रडत असली तरी.

तव्यावरची पोळी करपायले लागली होती. तिनं ती उलटवली नाही. विचारलं, "अन् खरोखर तूच मरून राहिली असशील तं?"

मी गॅस बंद केला. तिच्या डोळ्यात पाहून म्हटलं, "तरी काप."